हंसाबाईचे हात

मोनालीने हंसाबाईचे दोन्ही हात धरले आणि नाकाशी नेले.

"हे काय करून राह्यल्या, मॅडम?"

"कोणाच्या शेतात फवारणीला गेल्या होत्या का? खरं सांगा."

"अळीनं बोंडं खाल्ली सारी. आता फवारते कोण? वेचायले कापूस असता तर तुमच्या घरी पोरगी सांभाळाले कायले आली असती मी?"

हातांना नुसता लसणाचा वास होता. मोनालीचं समाधान झालं नाही. मांडीवर नऊ महिन्यांची संबोधी मलूल पडली होती. परवापासून जुलाब, आज त्यात रक्त. डॉक्टर म्हणाले होते, "बाहेरचं काही पोटात गेलंय." आणि या घरात बाहेरचं माणूस एकच होतं.

दुधाची बाटली तिने हुंगून पाहिली. दुपारी न सांगता येऊन पाहिलं. पाणी उकळलेलं, भांडी लखलखीत. तरी मन मानेना.

ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. राळेगावकडच्या ज्या गावांत जुलाबाची साथ होती, तिथल्या विहिरींचं पाणी तिच्याकडे यायचं. त्यातले जंतू ती काचेच्या बशांत वाढवायची. त्यासाठी सुरक्षेचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. मागच्या आठवड्यात तेच चालू असताना हंसाबाईचा फोन आला. पोरगी रडायची थांबत नव्हती. मोनाली उठलीच.

"बाहेर पडतानाचे नियम राहिलेत तुझे," प्रशिक्षण देणारे मंदार सर म्हणाले.

"हात धुते ना सर मी, साबणाने. बाकी नंतर वाचते."

आणि ती होती तशी, प्रयोगशाळेतल्या ॲप्रनवरच स्कूटीवर बसली. रोजच बसायची. यवतमाळच्या उन्हाधुळीत निम्म्या पोरी तशाच फिरतात. घरी आल्यावर ॲप्रन दाराआडच्या खुंटीवर. दोन होते. एक अंगावर, एक खुंटीवर.

त्यानंतर मात्र हंसाबाईचा एकदाही फोन आला नाही. आधी बरं वाटलं होतं. आता तेच खुपायला लागलं. आईशिवाय डोळा न मिटणारी पोर दुपारभर गुपचूप झोपते कशी?

"काय चाटवता तिला?" मोनालीचा आवाज चढला. "अफू? कुठली मुळी? काहीतरी देता तुम्ही तिला झोपवायला!"

हंसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दाराआड गेली आणि खुंटीवरचा ॲप्रन घेऊन आली.

"हे देते," ती म्हणाली. "त्या दिवशी लय रडली न, तवापासून. तुमचा वास येते तिले. बाही तोंडात धरते अन् चोखत चोखत झोपून जाते लेकरू."