बेकरीवाल्याची चोरी

"तोंड उघडा," बायकोने दारातच हुकूम सोडला.

बेकरीवाल्याने मुकाट्याने आ केला. तिने वाकून वास घेतला. पण बेकरीत राबणाऱ्या माणसाचा वास घेऊन काय कळणार? त्याच्या बनियनलासुद्धा व्हॅनिलाचा वास. कपाळावर मात्र घाम होता, श्वास फुलला होता आणि नजर जमिनीवर. एवढा पुरावा तिला पुरेसा होता.

"कोणता केक होता?"

"अगं, तुझी शपथ, काही खाल्लं नाही. आणि मला काही होतही नाहीये. कुठे दुखत नाही, खुपत नाही."

"दुखेल कशाला? चोरून खाल्लेलं अंगी लागतं!"

त्याला मधुमेह जडून बरीच वर्षं झाली होती. त्यातली निम्मी त्याने क्रीमचं भांडं चाटण्यात आणि वर तोंड पुसून नाही म्हणण्यात काढली होती. एकदा तर मिशीला आयसिंग लागलेलं असताना. तेव्हा तिचा विश्वास उडाला तो उडालाच. ती बसायची गल्ल्यावर, पण कान भटारखान्याकडे. गेल्याच महिन्यात तिने फ्रिजमधल्या केकच्या खोक्यावर आपला एक केस आडवा ठेवून पाहिला. संध्याकाळी केस जागच्या जागी. दुसरी एखादी निश्चिंत झाली असती. ही मनाशी म्हणाली, "मेला फारच हुशार झालाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान नोकरावर टाकून तिने त्याला दवाखान्यात ओढत नेलं. आज चोरी पकडायचीच.

रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "काकू, शाबासकी द्या काकांना. तीन महिन्यांची साखर छान आटोक्यात आहे."

"मशीन बिघडलंय तुमचं."

"बघ! मी सांगत नव्हतो?" बेकरीवाल्याला आता चेव आला.

"काय सांगत होतात? डॉक्टर, तुम्हीच ऐका. दुकानाच्या वरच आमचं घर. एवढासा जिना, पण हे मध्येच थांबतात. कशाला? खिशातलं संपवायला! वर येतात ते घामाघूम, धापा टाकत. घाबरलेले असतात ना मला! ताट वाढलं की म्हणे मळमळतंय. पोट बाहेरच भरलेलं, दुसरं काय? आणि परवापासून तर मैद्याचं पोतंसुद्धा सरकवत नाहीत. नुसती सोंगं!"

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी बेकरीवाल्याला ताबडतोब आडवं केलं आणि छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. ती त्यांनी एकदा पाहिली, मग पुन्हा पाहिली.

"काका, छातीत दुखलं होतं?"

"छे! अजिबात नाही."

त्यांनी आधी फोन करून रुग्णवाहिका मागवली आणि मग त्या बायकोकडे वळल्या. "काकू, यांना हार्ट अटॅक आलाय. कदाचित अजून चालूच आहे. मधुमेहात हृदयाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत जातात. आता साखर आटोक्यात आली, तरी झालेलं नुकसान पुसलं जात नाही. त्यात नसा बधिर झाल्या की दुखायला हवं तेही दुखत नाही. मग नुसता दम लागतो, घाम येतो, मळमळतं. तुम्ही आत्ता सांगितलंत तेच सगळं."

बायकोने त्याचा हात घट्ट धरला. तो गार होता.

"अहो, खरं सांगा. मी रागावणार नाही. थोडं तरी दुखतंय ना?"

"नाही गं. खरंच नाही."

तिने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा त्याच्या शब्दावर विश्वास बसला, आणि तिला रडू फुटलं.