तक्त्याची शेवटची ओळ

"थेट बघू नकोस. जरा बाजूला नजर ठेव, मग ते आपणहून दिसायला लागतं."

कृत्तिकांचा पुंजका बघायची ही रीत बाबांनी टेकडीच्या माथ्यावर दोघा भावंडांना शिकवली होती. पुढे बाबांचीच नजर गेली. आधी तिन्हीसांजेला चाचपडू लागले, मग रात्री, मग दिवसाही. तेव्हापासून ताई दर हिवाळ्यात वर जायची आणि खाली येऊन त्यांना दिसलेल्या ताऱ्यांचा आकडा सांगायची. आज सहा दिसले. आज नऊ. बाबा गेल्यावरही तिने जाणं सोडलं नाही, आणि हळूहळू गावातली चार माणसं तिच्या मागून येऊ लागली. धाकटा भाऊ मात्र कधी गेला नाही. चढ बघितला की त्याला दुकानातली कामं आठवत.

दुकान चष्म्यांचं. भाऊ नंबर काढायचा, ताई गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवायची.

बुधवारी दुपारी दुकानातच बेत ठरत होता. शनिवारी अमावास्या. शाळेच्या बाई वहीत लिहून घेत होत्या: टॉर्चला लाल कागद, प्रत्येकाला एक शाल, वर पोचल्यावर वीस मिनिटं नुसतं अंधारात बसायचं. पाण्याच्या टाकीजवळचा दिवा दोन तास बंद ठेवायचं वायरमनने कबूल केलं. वर म्हणाला, एरवी दिवा गेला की लोक त्याचा उद्धार करतात, दिवा घालव अशी विनंती पहिल्यांदाच होतेय. सगळे हसले. ताईही हसली, आणि हसता हसताच म्हणाली की या खेपेला बाईंनीच सगळ्यांना वर न्यावं, आपले गुडघे कुरकुरतायत.

भावाचा काच पुसणारा हात थांबला. ताईचे गुडघे कधी कुरकुरले नव्हते. पण गेले दोन महिने दिवेलागणीनंतर घरात एक बारीक आवाज येत होता. भिंतीला बांगड्या घासल्याचा.

बाई आणि वायरमन गेल्यावर त्याने काही विचारलं नाही. नवा बल्ब लावलाय, उजेड नीट पडतो का बघ जरा, असं म्हणून तिला खुर्चीत बसवलं आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला.

ताईने वाचला. वरचं मोठं अक्षर, त्याखालच्या ओळी, अगदी तळाची बारीक ओळसुद्धा. कुठे अडखळली नाही. रोजचं स्तोत्र म्हणावं तशी म्हणून गेली.

भावाने बल्ब बंद केला.

"ताई, तो तक्ता मी सोमवारी बदलला. वरचं अक्षर तेवढं तेच आहे."

ताई खुर्चीतच बसून राहिली. फसवायचं तिच्या मनात नव्हतं. वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेली ओळ आपोआप ओठांवर आली होती. दर वर्षीच्या तपासणीत तशीच येत असणार, आणि दर वर्षी भाऊ तिला सांगत होता की नजर अगदी ठणठणीत आहे.

"बाबांचंही असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "कळून काय करायचं होतं, छोट्या?"

पन्नाशी गाठलेल्या छोट्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. उद्या गुरुवार आहे, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई गावात यायचा दिवस, एवढंच त्याने सांगितलं.

गुरुवारी डोळ्यांत थेंब घालून तिला बाकावर बसवलं. डोळे मिटून ताई देवाचं नाव घेत होती. शेजारी भाऊ पंख्याची पाती पुन्हा पुन्हा मोजत होता. तीनच होती.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. मग म्हणाल्या, "पडदा स्वच्छ आहे. वडिलांचं दुखणं तुमच्याकडे आलेलं नाही. मोतीबिंदू आहे, वयाचा. पुढच्या महिन्यात काढून टाकू."

ताईने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर भाऊच मध्ये पडला. "लिहून द्या तिला, डॉक्टर. पाठ केल्याशिवाय तिचा विश्वास बसायचा नाही."

बाहेर पायरीवर बसून ताई कितीतरी वेळ पदराने डोळे टिपत राहिली. थेंबांमुळे पाणी येतंय, म्हणाली. त्यानेही ते मानलं. त्याचेही डोळे ओले होते आणि त्याला तर कुणी थेंब घातले नव्हते, पण तो विषय तिने काढला नाही.

"यंदा मला काही मोजता यायचं नाही रे," जरा वेळाने ती म्हणाली. "नुसता धुरकट ठिपका दिसेल."

"मोजायचं मी बघतो. किती दिसले ते तुला सांगीन."

"तू? तो चढ चढणार?"

"सांगीन म्हटलं ना."

शनिवारी चार वाजता, चांगलं ऊन असतानाच, ताई निघाली. पांढऱ्या चिंध्यांची पिशवी तिच्या खांद्याला होती. अंधार पडल्यावर बाई सगळ्यांना घेऊन येणार, त्यांना वाट दिसावी म्हणून वळणावळणावरच्या झुडपांना त्या बांधायच्या होत्या.

पहिली चिंधी बांधून होते न होते तोच मागे बूट वाजले. दुकानाच्या दारावरची पाटी उलटी करून भाऊ आला होता. एवढ्याशा चढाला त्याला धाप लागली होती. ताईने हसू दाबलं आणि पुढे चालू लागली.

त्याने तिचा हात धरला नाही. दरीच्या बाजूने, अर्धं पाऊल मागे राहून तो चालत राहिला. तिच्या पायांकडे बघत नव्हता. नजर जरा बाजूला होती, वाटेच्या कडेवर.