जैबूनचं मनगट

दोन वर्षांपूर्वी तापातून उठल्यावर दस्तगीर अत्तारांना वास येईनासा झाला. तेव्हापासून दुकानात आलेलं नवं अत्तर त्यांची बायको जैबून पारखू लागली. ते तिच्या मनगटावर काडी टेकवायचे, ती हुंगून सांगायची. "नव्या माठातलं पाणी," असं ती म्हणाली की खस अस्सल.

आज मोगरा होता. जैबूननं डोळे मिटले.

"तुमचा सेहरा. त्याआडून चोरून माझ्याकडं बघत होता ते."

"म्हणजे घेऊ?"

"घ्या की." मग तिनं हळूच विचारलं, "डॉक्टर म्हणाले होते, वास परत येईल. अजून काहीच नाही?"

"नाही गं."

गेल्या ईदच्या सकाळी तिच्या शीरखुर्म्याचा वास त्यांना अंथरुणातच आला होता.

दस्तगीरांनी दुसरी कुपी उघडली आणि तिचं मनगट पुन्हा हातात घेतलं.

"हे कसं आहे, सांग."