मिस ओझेलाची तीन मिनिटं

“दुकान काढणं म्हणजे भाषण ठोकणं नव्हे, मिस ओझेला,” नगरसभेचा अध्यक्ष लमॉन्ट वरच्या खुर्चीतून म्हणाला. “चालवणार कोण ते?”

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. माइकसमोर उभ्या असलेल्या ओझेलाची कानशिलं तापली. याच लमॉन्टचं गळकं नाक तिनं चर्चच्या बाकावर कितीदा तरी आपल्या रुमालानं पुसलं होतं.

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळत. ओझेला त्यातला एक क्षण वाया जाऊ देत नसे. नॉर्थ साइड या तिच्या वस्तीतलं एकुलतं एक मोठं किराणा दुकान बंद पडल्यापासून ती दर महिन्याला इथं येऊन कडाडत होती. म्हाताऱ्या बायांनी दोन टोमॅटोंसाठी दोन बस बदलायच्या? आमच्या पोरांनी पेट्रोल पंपावरचे वेफर्स खाऊन वाढायचं? काळ्यांची वस्ती म्हटलं की कंपन्यांचे पाय का अडखळतात? त्यांना सांगा, आमच्याकडे दुकान उघडा! सभासद माना डोलवायचे, ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणायचे. ओझेला घरी जाऊन रक्तदाबाची गोळी घ्यायची. तिच्या रागावर सगळ्या गल्लीचे दिवे लागले असते, पण तो राग सगळा या टेबलापुढं सांडून जायचा.

ती धावतपळत यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि बोलून झालं की तणतणत बाजूच्या दारानं निघून जायची. मागच्या खुर्च्यांवर वस्तीतले लोक असत. आपापली रडगाणी घेऊन आले असतील, कुणाचा फुटका फूटपाथ, कुणाचा न उचललेला कचरा, असं ती धरून चालायची. तिच्या बाजूनं बोलायला त्यांच्यातलं कुणी कधी उठलं नव्हतं. या लढाईत आपण एकट्या आहोत, हे तिनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

आज लमॉन्टनं आणखी एका कंपनीचा नकार सांगितला. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “मग आमचं दुकान आम्हीच काढू!” आणि त्यावर त्यानं हे विचारलं होतं.

उत्तर द्यायला ओझेलानं तोंड उघडलं. समोर टेबलामागे सूटबूट घातलेली माणसं ओळीनं बसली होती. चालवणार कोण, हे यांना कुठून ठाऊक असणार? तिनं स्टँडवरून माइक उपसला आणि चक्क सभासदांकडे पाठ केली.

“मिस ओझेला, बोलताना तोंड इकडे ठेवायचं असतं. नियम आहे तो.”

“लमॉन्ट, तुझे लंगोट बदलताना मी नियम विचारत बसले नव्हते. गप्प बस जरा.”

हशा पिकला आणि विरला. ओझेला खुर्च्यांवरच्या लोकांना म्हणाली, “आपला डॉलर रोज बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि परतीचं तिकीट काही काढत नाही. सगळ्यांनी मिळून दुकान काढू या. मालक आपण, गिऱ्हाईकही आपणच. मी झाडू मारीन, दारात उभी राहून हाका मारीन. घसा देवानं दिलाय. बाकीचं कोण करणार?”

कोणी हललं नाही. आज एकही हात वर झाला नाही तर लमॉन्टचंच खरं ठरणार होतं. पुन्हा दुकानाचं नाव काढायची तिची छाती झाली नसती. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. लमॉन्टचा हात घंटीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यासाठी तिनं मनातल्या मनात त्याला दुवा दिला.

मग होझिया टिब्स उठला. बंद पडलेल्या दुकानात तो मांस कापायचा.

“सुऱ्या अजून आहेत माझ्याकडे,” तो म्हणाला. “धारही आहे.”

“घाऊक खरेदी माझ्याकडे!” चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणारी अर्लिन बसल्या जागेवरूनच ओरडली. “माझ्यापुढं भाव टिकत नाहीत.” मोकळ्या प्लॉटवर कॉलर्डची पालेभाजी लावणाऱ्या दोघी बहिणी एकदम बोलायला लागल्या. ट्रक कुणाचा यावरून मागं वादही सुरू झाला.

ओझेलाला एकेक चेहरा धरून आभार मानायचे होते. पण तिच्या घशाला ठाऊक होतं ते फक्त कडाडणं. देवाचे उपकार, या माणसांचे उपकार. डोळे पुसत ती कशीबशी खेकसली, “इतकी वर्षं होतात कुठं रे सगळे?”

“इथंच, तुझ्या मागं,” होझिया म्हणाला. “या लोकांकडे आमचं काही काम नव्हतं. दर महिन्याला तुला ऐकायलाच यायचो. म्हटलं, एक दिवस आमच्याशीही बोलशील.”