कडकडून

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच ऑफिसात पाऊल टाकत होती. धास्ती कामाची नव्हती, माणसांची होती. आणि झालंही तसंच. ज्याचं त्याचं तोंड "कशी आहेस?" विचारत होतं, पण डोळे गळ्याखाली उतरून शोध घेत होते. एकाने तर फाईल देता देता मान वाकडी करून पाहिलं. तिला शिसारी आली. आल्या पावली परत फिरावं असं वाटत असतानाच कॅशियरताई खुर्ची सरकवून उठल्या आणि काही न विचारता त्यांनी तिला कडकडून मिठी मारली. आजारपणात नवऱ्यानेसुद्धा तिला इतकं जवळ घेतलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. मग दुपारपर्यंत तिने मान वर करून काम केलं, दोनदा हसलीसुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत ती टॉयलेटमध्ये असताना बाहेर बेसिनपाशी टायपिस्टबाईंचा आवाज आला. "पण काढलंय कुठलं? कपड्यांवरून काही कळतच नाही बाई!"

"उजवं," कॅशियरताई म्हणाल्या. "मिठी मारली ती कशाला मग? माझ्या उजव्या अंगाला नुसता स्पंज लागला. शी! अजून कसंतरीच होतंय."

तिने कडी काढली. दोघींच्या मधे उभं राहून तिने साबण घेतला, कोपरापर्यंत हात धुतले, मग मानही घासून धुतली.

"ताई," ती आरशात बघत म्हणाली, "तुमचं उजवं म्हणजे माझं डावं."