कोट घातलेला मासा

आईने सुरी मागितली आणि सिद्धेश घाईने पुढे आला. ओट्यावर खारवलेला हेरिंग मासा पडला होता, सोललेला, चकचकीत. त्याच्यातले केसाएवढे काटे काढताना गालिनाबाई सारखा चष्मा वर ढकलत होत्या. गालिनाबाई म्हणजे त्याच्या रशियन मैत्रिणीची, कात्याची आई, आणि कात्याशी लग्न करायचं असं सिद्धेशने मनाशी पक्कं केलं होतं. मालवणहून अमेरिकेत बॉथेलला येऊन आईला महिना होत आला, पण लग्नाचा विषय काढला की तिचं एकच उत्तर असायचं, “बघू.” परवा तिचं परतीचं विमान होतं.

“आई, तू बस ना, यार. त्या मॅनेज करतील. तू मासे सोडलेस ना?”

“खायचे सोडलेत. हात नाही सोडले,” म्हणत तिने सुरी घेतलीसुद्धा.

दोन हजार एक साली बाबा गेले. त्यांचं तेरावं झालं आणि आईच्या ताटातून मासे गेले ते गेलेच. बांगड्याच्या डोक्यासाठी स्वतःच्या पोरांशी भांडणारी ही बाई! त्याच सुमारास सिद्धेश अमेरिकेला आला. नवऱ्यामागे बायका सोडतात तसे तिनेही सोडले असणार, हे घरात सगळ्यांनी धरून टाकलं. विचारलं कुणीच नाही. म्हणून तर त्याने कात्याकडे आधीच बजावलं होतं की आईला मासा अजिबात चालत नाही. पण आज वर्षाचा शेवटचा दिवस, आणि या दिवशी हा माशाचा पदार्थ झाला नाही, तर गालिनाबाईंना नवं वर्ष लागल्यासारखंच वाटत नसे.

आईने माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं, शेपटीकडून नख घातलं आणि अख्खा कणा काट्यांसकट अलगद उचलला. गालिनाबाई आ वासून बघत राहिल्या.

“आपल्या पेडव्याचा मोठा भाऊ,” आई म्हणाली, “पण शिजवायचा नाही म्हणजे कमाल आहे हो यांची.”

मग गालिनाबाईंनी ओट्याचा ताबा घेतला. ताटलीत तळाशी माशाचे तुकडे. त्यावर कांदा, इतका बारीक की हातात धरला तर दिसू नये. मग उकडलेला बटाटा किसून, गाजर किसून, अंडं किसून, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये मेयोनेजचा पातळ हात. घाई नाही, दाबणं नाही. किस वरून भुरभुर पडत होता आणि त्यांची बोटं तो नुसता सारखा करत होती. सगळ्यात वर बीट. बघता बघता सगळं झाकून गेलं. आपण काही खाण्याचं बघतोय हेच सिद्धेश विसरला. आई तर आरतीला उभी राहावी तशी हात जुळवून उभी होती.

“याचं नाव कोटाखालचा हेरिंग,” कात्याने इंग्रजीत सांगितलं, “आमच्याकडे थंडी फार. माशालाही कोट लागतो.”

सिद्धेशने ते मराठीत सांगितल्यावर आई खळखळून हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच.

एवढं झाल्यावर गालिनाबाईंनी हात साबणाने दोनदा धुतले. खणातून चिरायचा कोरा लाकडी पाट काढला, नव्या सुरीचं पाकीट फोडलं. दुसऱ्या पातेल्यात वेगळं बीट उकडून ठेवलेलं होतं. एका लहानशा काचेच्या वाडग्यात त्या पुन्हा पहिल्यापासून थर लावू लागल्या, तेवढ्याच सावकाश. फक्त मासा नाही.

“हे कुणाला?”

“तुला, आई.”

“सुरीसुद्धा वेगळी?” तिचा आवाज खाली आला, “तू सांगितलंस होय?”

“नाही गं. मी फक्त मासा नको म्हटलं होतं.”

सिद्धेशच्या सांगण्यावरून कात्याने गालिनाबाईंना विचारलं. गालिनाबाई मान वर न करता काहीतरी बोलल्या. ते रशियनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आलं, “त्या म्हणतात, तुम्ही सोडलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. त्याचा मान आम्ही राखला पाहिजे.”

आई खुर्ची ओढून बसली आणि वाडगा पुरा होईपर्यंत त्या दोन हातांकडे बघत राहिली. सिद्धेशचा जीव टांगणीला लागला. ही गप्प बसली की चांगलं की वाईट, ते त्याला या वयातही कळत नसे.

दुपारभर थर मुरले. संध्याकाळी जेवायला बसल्यावर गालिनाबाईंनी सुरी सरळ खालपर्यंत नेली आणि पहिला तुकडा उचलला. जांभळा, पिवळा, केशरी, पांढरा, आणि तळाशी चंदेरी रेघ. वरून एकरंगी दिसणाऱ्या कोटाच्या आत एवढं सगळं!

कात्याने काचेचा वाडगा दोन्ही हातांनी आईपुढे ठेवला. आईने तो हळूच सिद्धेशकडे सरकवला.

“हे तू खा. मला त्यातलं वाढायला सांग. माशाचं.”

“आई! अगं, बाबांसाठी सोडलेस ना?”

“मी मासे सोडणं त्यांना चाललं असतं होय?” आईने ताटली गालिनाबाईंपुढे धरली, “तुझं लग्न ठरेपर्यंत सोडले होते.”