आठवं गाणं

आजीच्या धाकट्या दिराला वेळकाळ कधी कळलाच नाही, आणि मरून वीस वर्षं झाली तरी त्याची खोड गेली नव्हती. भर दुपारी तिने जरा पाठ टेकली, की नातीच्या मोबाइलमधून हे महाशय गायला सुरू!

"आजी, आपल्या घरात एवढा मोठा गीतकार राहायचा आणि तू कधी बोलली नाहीस?"

"गीतकार कसला! जिवंतपणी कुत्रं विचारत नव्हतं. तुम्हा पोरांनाच आता उमाळा आलाय."

"त्यांची सातही गाणी पाठ आहेत आम्हाला. आज सकाळी हे आठवं मिळालं, ऐक."

पहिल्याच ओळीला आजी उठून बसली. हे गाणं एकाच कॅसेटवर होतं. कॅसेट कंपनीला पाठवा, म्हणून दिराने ती विश्वासाने तिच्या हाती दिली होती. याचं नाव झालं तर घरात आपल्याला कोण विचारणार, असं तिच्या मनात आलं. तिने कॅसेटमधली फीत उपसली आणि त्या फितीने परसातल्या घेवड्याचे वेल बांधून टाकले. दीर मरेपर्यंत कंपनीच्या उत्तराची वाट बघत राहिला.

"कुठं मिळालं तुला हे?"

"सगळ्यांकडे आहे गं."

खरंच, समोरच्या खिडकीतून आणि खालच्या दुकानातूनही तेच ऐकू येत होतं. कडवं अर्ध्यावर आलं आणि दीर थांबला. तोच ओळखीचा खोकला आला.

"वहिनी, पाठवलीत ना?"

खिडकी, दुकान, मोबाइल, सगळं एकदम गप्प झालं. पडद्यावरचे सेकंद तेवढे सरकत होते.

"सकाळपासून इथंच थांबतोय," नात हळूच म्हणाली. "पुढचं अजून कुणीच ऐकलेलं नाही."

आजीने मोबाइल तोंडाशी धरला.

"गाणं चांगलं होतं, भावजी. म्हणूनच नाही पाठवलं."